आघाताचा धडा

तुळजापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत, नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून इंग्रजीचा एक तास मी अथपासून इतिपर्यंत ऐकला.

शिक्षकांनी फळ्यावर एकाखाली एक तीन शब्द लिहिले: फोटोग्राफ, फोटोग्राफर, फोटोग्राफिक. मुलांनी ते आपल्या मराठी वळणाने, प्रत्येक अक्षराच्या पदरात सारखे माप टाकून वाचले. मग शिक्षकांनी त्यांना बाकावर ठेका धरण्यास सांगितले. पहिल्या शब्दात जोराची थाप पहिल्या अक्षरावर पडली; दुसऱ्यात ती दुसऱ्यावर सरकली आणि शब्द 'फटॉग्रफर' झाला; तिसऱ्यात ती तिसऱ्यावर जाऊन 'फोटग्रॅफिक' उमटला. गोंधळ्याच्या संबळाचे उंच आणि खर्जाचे बोल बालपणापासून ऐकत आलेल्या त्या मुलांच्या बोटांना हा भेद जिभेच्या आधी उमगला.

आघात पडलेले अक्षर किंचित लांबते, उंचावते आणि स्पष्ट होते. तथापि शिक्षकांचे सारे लक्ष उरलेल्या अक्षरांकडे होते. तेथील स्वर बहुधा क्षीण होऊन आपल्या ऱ्हस्व 'अ'च्या जवळ येतो. हा 'अ' मराठी मुलाला मुळातच अवगत असतो. तो कोठे योजावा, एवढेच शिकवावयाचे उरते. 'डेव्हलप' म्हणताना पहिल्या अक्षरावर भार देणारा एक मुलगा चारदोन प्रयत्नांत 'डिव्हेलप' म्हणू लागला, तेव्हा सारा वर्ग त्याच्याकडे वळून पाहू लागला.

मराठीत लघुगुरुभेद छंदाला लागतो, परंतु जोराची जागा हलल्याने शब्दाचा अर्थ पालटत नाही. इंग्रजीत तो पालटू शकतो. तहसील कचेरीच्या दप्तरखान्यात असते ते 'रेकॉर्ड', हे नाम. जोर दुसऱ्या अक्षरावर गेला की 'रिकॉर्ड', म्हणजे नोंदवून ठेवणे, हे क्रियापद.

"सर, स्पेलिंगमध्ये जोर दिसतच नाही, मग ओळखायचा कसा?" एका मुलीने विचारले.

शिक्षकांनी शब्दकोश उघडून तिच्यापुढे धरला. आघाताच्या अक्षरापूर्वी, किंचित वर, एक बारीक उभी रेघ होती. ऋग्वेदाच्या छापील संहितेत स्वरिताची उभी रेघ अक्षराच्या माथ्यावर असते. तेथे ती आवाजाच्या चढउताराची खूण, येथे जोराची. त्यांनी एक नियमही सांगितला: शेवटी 'शन' किंवा 'इक' आला की आघात बहुधा त्याच्या लगतच्या आधीच्या अक्षरावर, म्हणून 'एज्युकेशन'मध्ये तो 'के'वर.

शब्द कानावाटे कसे रुळतात ते या भागाने पाहिले आहे: १९४८ पर्यंत तुळजापूरचा हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि सरकारदरबारची भाषा उर्दू होती. अर्ज, दाखला, नक्कल हे शब्द आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी कचेरीत कानावर पडूनच रुळले. इंग्रजी मात्र आमच्या मुलांना पुस्तकातून, डोळ्यांवाटे मिळते, आणि कागदावर जोर उमटत नाही. त्यांच्या उच्चारातील दोषाचे मूळ बुद्धीत शोधणे अन्यायाचे आहे. ते या शिकण्याच्या वाटेत आहे.

म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या सर्व गुरुजनांना माझी विनंती आहे की, नवा शब्द फळ्यावर लिहिताना अर्थाबरोबर ती एक उभी रेघही ओढावी, आणि मुलांकडून तो शब्द ठेक्यासह एकदा तरी म्हणवून घ्यावा.