मातृत्वाचा खर्च कोणी सोसावा? : स्त्रियांची आर्थिक सुरक्षितता आणि सार्वजनिक धोरण

प्रास्ताविक

स्त्री-पुरुष समानतेचे तत्त्व कायद्यात लिहिले गेले, तरी स्त्रीच्या हाती उत्पन्न टिकतेच असे नाही. पुष्कळदा ते तुटते बाळंतपणाच्या वेळी. त्या काळातील खर्चाचा भार धोरण कोणावर टाकते, यावर तिची सुरक्षितता अवलंबून असते. या घटकात आपण हाच प्रश्न नागपूर परिसराच्या संदर्भात समजून घेऊ.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि येथे गिरणी कामगारांचा वर्ग उभा राहिला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती हे राष्ट्रहित मानले. म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, मात्र मालकालाही त्यातून पूर्णपणे मुक्त करू नये, अशी भूमिका त्यांनी मांडली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात आणि १९३० मध्ये, नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतात, असे कायदे झाले. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेने कामगार स्त्रियांसाठी रजा, नुकसानभरपाई व निवृत्तिवेतन यांची मागणी केली.

दोन पद्धती

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने रजेतील वेतन मालकाने द्यावयाचे ठरवले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. हेतू स्तुत्य; परंतु संपूर्ण खर्च एकट्या मालकावर पडत असल्याने स्त्रीला नोकरीच न देण्याचा मोह त्याला होऊ शकतो. म्हणजे संरक्षण देणारी तरतूदच अडसर ठरण्याचा धोका असतो.

१९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेची रचना वेगळी आहे. मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतात. कामगार स्त्री असो वा पुरुष, वर्गणी तीच. प्रसूतीचा लाभ या सामाईक निधीतून मिळतो. त्यामुळे स्त्रीला कामावर ठेवणे मालकाला महाग पडत नाही.

बुटीबोरीचा संदर्भ

नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर बुटीबोरीची औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतीत शेजारी राहणाऱ्या दोन स्त्रियांची कल्पना करा. पहिलीचे नाव विमा योजनेत आहे आणि वेतन दरमहा १२,००० रुपये आहे. तिला २६ आठवड्यांत सुमारे ७२,००० रुपये मिळतील. दुसरी त्याच कामगारांचे डबे करते किंवा घरकाम करते. तिला प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयांचा आधार आहे. ठेकेदाराने नाव न नोंदवलेली कामगार स्त्री हक्क असूनही व्यवहारात दुसरीच्याच रांगेत येते.

समारोप

तात्पर्य, रजेचे आठवडे वाढविणे पुरेसे नाही. खर्च समाजाने वाटून घेणे, ठेक्यावरील प्रत्येक स्त्रीची नोंदणी होणे आणि असंघटित स्त्रीलाही सामाईक निधीत स्थान मिळणे, या धोरणाच्या तीन आवश्यक बाजू आहेत.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : आपल्या परिसरातील एका कामगार स्त्रीला प्रसूतीच्या काळात कोणता आर्थिक आधार मिळू शकतो? तो कोणाच्या खर्चातून येतो, ते सकारण स्पष्ट करा.