घाट चढते, सपाटीला मरते

चिपळूणहून निघालं की शिरगाव, पोफळी मागे पडतात आणि कुंभार्ली घाट सुरू होतो. माझी जिप्सी हा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एकदाही कुरकुर न करता चढायची. माथ्यावर आलं, हेळवाकच्या बाजूला रस्ता जरा सरळ झाला, ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल पडला, की इंजिन बंद. आचके नाहीत, धूर नाही. कुणी मागून किल्ली फिरवल्यासारखं.

गाडी १९९१ची. जिप्सी १९८५ साली आली तेव्हापासूनचं जुनं ९७० सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन. १९९६मध्ये १३०० सीसीचं आलं, ते नव्हे. अशा गाडीत कॉम्प्युटर नसतो, म्हणजे बिघाडाची नोंद ठेवणारं कुणी नाही. जे काही लक्षात ठेवायचं ते चालवणाऱ्याने. आणि चालवणारा, म्हणजे मी, मुळात चुकीचीच गोष्ट लक्षात ठेवत होतो.

माझं निदान पक्कं होतं: घाट चढून इंजिन तापतं, पेट्रोलची वाफ होते, पंप ओढत नाही. म्हणून सीटखाली फडकं ठेवलेलं. गाडी बंद पडली की कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं, बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून ते पंपावर गुंडाळायचं आणि पंधरा मिनिटं डोंगर बघायचे. मग किल्ली फिरवली की गाडी चालू. दर वेळी. औषध लागू पडतंय म्हटल्यावर रोगाबद्दल शंका कोण घेतो?

फडक्याला कंटाळून गाडी गॅरेजला दाखवली, तर तिथे ती तासभर उभ्याने सुरळीत चालली. दवाखान्याची पायरी चढताच ताप उतरावा, तसं. एकाने कॉइल बदलली. "गरम झाली की झोपते," तो म्हणाला. बारा दिवस गाडी ठणठणीत. मग पुन्हा तेच. दुसऱ्याने कंडेन्सर बदलला, सीबी पॉइंट पॉलिश पेपरने घासून दिले. आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. कॉइल तापून झोपते हे खरं आहे, कंडेन्सर दगा देतो हेही खरं. दोघांचाही अंदाज वावगा नव्हता. पण दोघांनी पार्ट आधी बदलला आणि मग निदान केलं.

गाठ सुटली ती एका पावसाळी रात्री. माथ्यावर गाडी मेली, मागे उसाने भरलेला ट्रक, त्याचा हॉर्न. उतरायची सोय नव्हती म्हणून तिथल्या तिथे सेल्फ मारला. गाडी लगेच चालू. फडकं नाही, पंधरा मिनिटं नाहीत. म्हणजे इतके महिने मी पंपाला नाही, स्वतःलाच थंड करत होतो.

ही हकिकत अण्णांना सांगितली. अण्णांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि पंचाहत्तरी ओलांडलेले ते स्वतः. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही.

"बंद पडते तेव्हा पाय कुठे असतो तुमचा?"

"ॲक्सिलरेटरवर. हलका."

"उभ्याने नुसती चालू ठेवली तर?"

"काही होत नाही."

"आणि चढावर पूर्ण दाबल्यावर?"

"तेव्हाही नाही."

"मग कॉइल नव्हे. तापलेली कॉइल लगेच उठत नाही, आणि पाय कुठे आहे ते तिला कळत नाही. पायाचं कळतं ते डेल्कोला."

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९०९ साली काढलेल्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीची ही आद्याक्षरं. कंपनीचं नाव आपल्याकडे त्या वस्तूलाच चिकटलं, जसं डालडाचं झालं. कामाची पद्धतही त्याच काळातली. बॅटरीचा बारा व्होल्टचा करंट कॉइलमधून येऊन बंद पॉइंटमधून अर्थ होतो. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम पॉइंट उघडतो, करंट एकदम तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उठून प्लगवर ठिणगी पडते. मिनिटाला ३००० फेरे असतील तर सेकंदाला शंभर ठिणग्या. पॉइंट उघडतो किती, तर अर्धा मिलिमीटर, तोही जेमतेम.

हे पॉइंट एका प्लेटवर बसतात आणि ती प्लेट स्थिर नसते. कार्ब्युरेटरपासून एक रबरी नळी डेल्कोच्या बाजूच्या डबीत जाते. पाय हलका असला की नळीत ओढ तयार होते, डबीतला पडदा खेचला जातो आणि प्लेट काही अंश फिरते, म्हणजे ठिणगी थोडी आधी पडते. उभ्या गाडीत, इंजिन नुसतं गुरगुरत असताना, ओढ नाही. चढावर पाय पूर्ण दाबला की ओढ जवळजवळ नाही. ओढ जास्तीत जास्त असते ती सपाटीला, आरामात जाताना. घाटमाथ्यावर, हेळवाकच्या बाजूला.

अण्णांनी तरीही काही उघडलं नाही. आधी दोन एलईडी लावले, लांब वायरी काढून डॅशबोर्डवर चिकटपट्टीने चिकटवले. एक कॉइलच्या किल्लीकडून येणाऱ्या टोकाला, दुसरा डेल्कोकडे जाणाऱ्या टोकाला, मोठा रेझिस्टर आणि डायोड जोडून. "साधा बल्ब लावाल तर ठिणगी तोच खाईल," म्हणाले. इंजिन चालू केल्यावर पहिला स्थिर, दुसरा मंद. मंद अशासाठी की पॉइंट बंद असेल तेव्हा तो विझतो आणि उघडा असेल तेव्हा लागतो, इतक्या भराभर की डोळ्याला निम्मा उजेड दिसतो. "मेली की दोन्हींकडे बघा. रस्त्याकडे मी बघतो," असं म्हणून ते स्टिअरिंगवर बसले.

घाट चढलो. माथा आला. अण्णांनी पाय सैल केला. पहिला दिवा होता तसाच राहिला. दुसरा, इतका वेळ मंद असलेला, एकदम लख्ख झाला. इंजिन मेलेलं, आणि दिवा मात्र आधीपेक्षा उजळ! अण्णांनी पाय दाबला, झटका बसला, इंजिन पुन्हा धरलं, दिवा पुन्हा मंद. असं तीनदा केलं त्यांनी, मला वाटतं तिसऱ्यांदा हौसेखातर.

पहिला लागलेला म्हणजे किल्ली, फ्यूज, त्याकडची वायरिंग संशयातून सुटली. दुसरा लख्ख म्हणजे करंट कॉइल पार करून येतोय, पण पुढे त्याला अर्थ मिळत नाही. राहिली ती कॉइलपासून पॉइंटपर्यंतची दोन वीत वाट.

शेडमध्ये परत येऊन कॅप काढली. अण्णांनी रबरी नळी कार्ब्युरेटरकडून सोडवून तोंडात धरली आणि उसाचा रस ओढावा तशी ओढली. प्लेट टक् करून फिरली. मी टेस्ट लॅम्प पुढे केला, तो त्यांनी मागे सारला. प्लेट फिरली की कधी कधी पॉइंटही कॅमवर चढून उघडतो, मग दिव्याचं वागणं नेमकं कशामुळे ते कळत नाही. त्यांनी मीटरची एक टोची डेल्कोच्या बाहेरच्या स्क्रूला आणि दुसरी पॉइंटच्या पातीला लावली. मध्ये फक्त एक वायर, बोटाएवढी. नळी सैल, मीटर शून्य. नळी ओढली, काहीच रीडिंग नाही. सोडली, शून्य.

ती वायर काढून माझ्या हातात दिली. वरचं काळं आवरण अगदी शाबूत. "दोन्हीकडून ओढा." ओढली तर मध्येच रबर बँडसारखी लांबली. तांब्याची तार अशी लांबत नाही. आतल्या सगळ्या बारीक तारा तुटल्या होत्या. नुसत्या आवरणात टेकून बसल्या होत्या. प्लेट जागेवर असेपर्यंत टेकलेल्या, फिरली की सुटलेल्या. तीस-बत्तीस वर्षं दिवसाला शेकडो वेळा वाकल्यावर आणखी काय होणार. आणि कॉइल, कंडेन्सर बदलल्यावर काही दिवस बरं का वाटायचं, तेही तिथेच कळलं. कॅप उघडून कुणी आत हात घातला की वायर जरा सरकायची आणि टोकं नीट टेकायची.

नवी वायर म्हणून घरातल्या फिटिंगची चालत नाही, तिच्या तारा जाड, महिन्यात तुटतील. अण्णांनी जुन्या मीटरची मऊ टोचीची वायर कापली. टोकांना डाग न देता क्रिंप दाबले, कारण कथील वायरीत चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेलाच ती पुन्हा मोडते.

मी पाकीट काढलं. त्यांनी मान हलवली. "बारा दिवस बरी तर कॉइलनेही केली होती. दिवे राहू देत. आणि तुमची ती जुनी कॉइल नि कंडेन्सर आणा, टाकले नसतील तर."

टाकले नव्हते. त्यांनी दोन्ही जुने परत बसवले आणि नवे माझ्या डिकीत ठेवले. तीन आठवडे मी तसाच कुंभार्ली चढत-उतरत होतो. माथ्यावर मुद्दाम पाय सैल करायचो आणि दुसऱ्या दिव्याकडे बघायचो. तो मंद तो मंदच. मग पैसे घेतले त्यांनी.