दाचीगामचा हंगुल

श्रीनगर शहरातल्या बऱ्याच घरांत नळाला येणारे पाणी दाचीगामच्या डोंगरांतून येते. शहरापासून जेमतेम २२ किलोमीटरवरचे हे जंगल १९१० मध्ये राखले गेले ते मुळात या पाण्यासाठीच. त्या वेळी तिथली दहा गावे उठवली गेली म्हणतात. त्यांची आठवण नावातच उरली, दाचीगाम म्हणजे दहा गावे. १९८१ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्रफळ १४१ चौरस किलोमीटर.

खाली दगवान नाल्याच्या काठी अक्रोड आणि तुतीची झाडे आहेत. तुती पिकली की काळी अस्वले झाडांवर चढून बसतात. वर चढत गेले की सूचिपर्णी झाडे, मग भोजवृक्ष, आणि शेवटी चार हजार मीटरच्या आसपास उघडी कुरणे व बर्फ. बिबट्या, कस्तुरीमृग, मोनाल पक्षी असे बरेच काही इथे आहे. पण दाचीगामची खरी ओळख हंगुल.

हंगुल म्हणजे काश्मीरचे बारशिंगे. नराच्या प्रत्येक शिंगाला पाच-सहा फाटे असतात. १९४०च्या सुमारास यांची संख्या तीन ते पाच हजार असावी असा अंदाज आहे. १९७० पर्यंत दीडशेच्या आसपास उरले. २००४ च्या गणनेत १९७, तर २०२३ मध्ये २८९. वाढ आहे, पण किती सावकाश!

शिकार हे एक कारण. दुसरे अवघड आहे. उन्हाळ्यात हंगुलने वरच्या कुरणांत जायला हवे, आणि नेमके तेव्हाच बकरवाल आपली मेंढरे घेऊन तिथे पोहोचतात. सोबत राखणीचे कुत्रे असतात. त्यामुळे बरेच हंगुल खालीच अडकून राहतात. बकरवालांना दोष देणे सोपे आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे पोट याच कुरणांवर आहे. त्यांना दुसरे कुरण दिल्याशिवाय ‘हटा’ म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही. दहा गावे एकदा उठलीच आहेत.

राखीव जमीन ही कल्पना आपल्याला नवी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेच्या परिसरात शिकार आणि झाडतोड मना केली. हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगत, तिथे हरणे चरताना दिसली तरी मी त्यांना बिचकवणार नाही. मारणे दूरच, घाबरवणेसुद्धा नाही. वरच्या कुरणात कुत्र्यांच्या भुंकण्याने पाडस घेऊन पळणाऱ्या मादीपर्यंत ही हदीस थेट पोहोचते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात नर हंगुल माद्यांसाठी साद घालतात. तेव्हा दाचीगामच्या खालच्या दरीत पहाटे हा घोगरा आवाज लांबवर ऐकू येतो.