तीन पिढ्यांचे पाणी

वैशाख शुद्ध तृतीया ही साडेतीन मुहूर्तांतील तिथी. सोने, वस्त्र, वास्तू यांच्या खरेदीचा दिवस म्हणून ती आता सर्वत्र गाजते. परंतु आमच्या वैदर्भीय घरांत ही तिथी प्रथम पितरांची आहे. मातीची नवी घागर पाण्याने भरावयाची, तीवर आंबा ठेवून ती पितरांच्या नावे दान करावयाची, पानावर पन्हे, चिंचवणी, कुरडया वाढावयाच्या आणि तर्पणात पिता, पितामह, प्रपितामह यांना वसु, रुद्र, आदित्य या स्वरूपांत पाणी द्यावयाचे. माता, पितामही, प्रपितामही यांनाही तसेच. उदककुंभाच्या दानाचा एवढा गौरव याच तिथीस का, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या वैशाखात दोन प्रहरी चार पावले चाललेल्या माणसास निराळे सांगावे लागत नाही.

तर्पण सांगताना आम्हांस एक गोष्ट नेहमी दिसते. पित्याचे नाव यजमान मोठ्याने उच्चारतो, पितामहाचे आठवून सांगतो आणि प्रपितामहापाशी येताच घरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. प्रपितामहीचे नाव तर क्वचितच निघते. शास्त्रकारांना मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक होता. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावे, आणि नावेच माहीत नसतील तर पृथ्वीवर, अंतरिक्षात व स्वर्गात वास करणारे पितर म्हणून तिघांना पाणी द्यावे, अशी सोय त्यांनी करून ठेवली. मोठी दयाळू सोय आहे ही! मात्र तिच्या आडोशाला नावाबरोबर माणूसही विसरला जातो. सूर्यवंशाच्या पिढ्या कीर्तनात टाळ्या घेत ऐकणाऱ्या श्रोत्यास आपली पणजी कोठले पाणी पीत होती, असे विचारले तर तो निरुत्तर होतो.

ती पाणी पीत होती विहिरीचे, बोडीचे, नदीकाठी झऱ्याचे; आणि तिचे भाताचे पाणी येत होते तलावातून. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल, आरमोरी, चामोर्शी या झाडीपट्टीच्या मुलखात गावागणिक तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून गाव वसवणाऱ्यास व तलाव बांधणाऱ्यास जमिनी मिळत. तलाव बांधल्याबद्दल मिळालेल्या जमिनीस ‘तुकूम’ म्हणत. आज चंद्रपूर शहरातील एका वस्तीचे नाव तुकूम आहे, आणि कित्येक खेड्यांच्या नावांपुढे महसुली दप्तरात तो शब्द लागलेला दिसतो. तेथे राहणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल की, आपण रोज एका जुन्या तलावाचे नाव घेत आहोत? त्याचप्रमाणे ‘रीठ’ म्हणजे उजाड झालेले गाव. गाव गेले, माणसे गेली, नाव तेवढे दप्तरात राहिले. मेजर लुसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९ च्या बंदोबस्त-अहवालात चांद्याच्या गोंड राजांची हकीकत लिहून ठेवली, ती अभ्यासक वाचतात. पण राजांची हकीकत मिळणे तुलनेने सोपे असते. अवघड आहे ते पणजीच्या चुलीची हकीकत मिळणे.

तीही मिळते, मात्र विखुरलेली. झाडीतील वर्ष धानाभोवती फिरे. मृगाला पऱ्हे टाकावयाचे, आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग पुंजणे आणि चुरणे. तांदूळ पिशवीतून येत नसे. पहाटे उखळात मुसळाचे घाव पडू लागले म्हणजे घर जागे झाले, असे समजावे. दुपारी शेतावर पेज जाई. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचण्यासाठी अंधारातच टोपली घेऊन निघावे लागे, कारण उजाडले की गुरे आणि हरणे वाटेकरी होत. ती फुले वाळवून ठेवीत, आणि धान संपून नवे येईपर्यंतच्या दिवसांत कित्येक घरांत तेच अन्न असे. मोहाच्या बियांचे तेल कढईतही जाई आणि दिव्यातही. पावसाळ्यात बांबूचे कोंब, ज्यांना इकडे वास्ते म्हणतात, कुड्याची फुले, तरोट्याची कोवळी पाने; तलावातले मासे ढिवर बंधूंच्या जाळ्यातून; पत्रावळी पळसाच्या. मीठ तेवढे बाहेरचे. ते इतके दुर्मिळ की मूठभर मिठासाठी दक्षिणेकडील जंगलात व्यापारी चारोळी मोजून घेत, अशी हकीकत वृद्धांच्या तोंडी अजून ऐकू येते. चारोळीचा आजचा भाव ज्या गृहिणींना ठाऊक आहे, त्यांना या सौद्याचा अर्थ सांगावयास नको.

येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. पूर्वजांचा काळ म्हणजे सुवर्णयुग, असे चित्र रंगविणे आमच्या व्यवसायात सोपे असते आणि श्रोत्यांसही ते रुचते. पण त्या काळात जमीनदाराची वेठ होती, हिवताप होता, बाळंतपणात स्त्रिया दगावत होत्या आणि १८९९-१९०० सारखे दुष्काळ होते. पितरांना सोन्याने मढविले की ते आपल्यापासून दूर जातात. भुकेल्या पणज्याला पाणी देणे अधिक खरे आहे.

हे सारे कागदावर कोठे आहे? गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद कोतवाल बुकात आहे. आणि त्याहून बोलके दोन कागद आहेत: ‘वाजिब-उल-अर्ज’ व ‘निस्तार पत्रक’. नावे परकी वाटतील, पण आत आपलेच घर आहे. कोणी कोणाच्या शेतातून पाट न्यावा, वाट कोठून असावी, कोणत्या पाण्यात मासे धरावेत, या गावच्या रूढी पहिल्यात लिहिल्या जातात. गुरे कोठे चारावीत, सरपण, नांगराचे लाकूड, माती, मुरूम कोठून आणावा, हे दुसऱ्यात. १९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातील मालगुजारी संपली, तलाव सरकारचे झाले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. (मामाच्या नात्याने निदान गाळ काढावयास तरी भाचे यावेत, ही अपेक्षा बहुतेक ठिकाणी अपुरी आहे. असो.) १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही या दोन्ही कागदांची तरतूद कायम आहे.

आता यातील जो भाग आम्हांस सर्वांत विचार करावयास लावतो, तो सांगतो. २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. अनुसूचित जमातींखेरीज जे अन्य पारंपरिक वननिवासी आहेत, त्यांनी १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वी किमान तीन पिढ्या वनात वास्तव्य असल्याचे दाखवावे, असे त्यात म्हटले आहे. आणि एक पिढी म्हणजे पंचवीस वर्षे. शास्त्रालाही तीनच पिढ्या हव्यात, कायद्यालाही तीनच! भेद एवढाच की, शास्त्र नाव विसरलेल्यासही उदार मनाने पाणी देऊ करते. कायदा तशी सवलत देत नाही. पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा ज्याला देता येत नाही, त्याचा दावा अडतो. मात्र पुराव्यांच्या यादीत नियमांनी कागदपत्रांबरोबर गावातील वृद्धांचे लेखी निवेदनही धरले आहे. म्हणजे आजोबा कोठे गुरे चारीत, आजी मोह कोठे वेचीत, ही ओसरीवरची गोष्ट आता साक्ष झाली आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने आपल्या जुन्या निस्तार-हक्कांची आठवण मरू दिली नाही. २००९ मध्ये १८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर त्या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला.

साक्ष देणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. पुढल्या तृतीयेस त्यांतील काही जण घागरीच्या या बाजूस नसतील, त्या बाजूस असतील.

काही वर्षांपूर्वी सप्ताहाच्या कीर्तनासाठी आम्ही झाडीतील एका गावी गेलो असता, तेथे वृद्धांची निवेदने लिहून घेण्याचे काम चालले होते. ऐंशीच्या पुढची एक आजीबाई लिहिणाऱ्या तरुणासमोर बसली होती. त्याने सासूचे नाव विचारले, तिने सांगितले. आजेसासूचे विचारले, ती बराच वेळ थांबली, नाव आठवेना. मग ती काठी टेकीत उठली आणि सर्वांना तलावाच्या पाळीपलीकडे घेऊन गेली. तेथील एका जुनाट झाडाच्या खोडावर हात ठेवून म्हणाली, “हा मोवा माह्या सासूचा. तिच्या आंधी तिच्या सासूचा होता. तिनं वेचला, मंग हिनं वेचला, मंग मी.” तरुणाने क्षणभर विचार केला, वही गुडघ्यावर धरली आणि नावाच्या रकान्यात झाडाची जागा लिहून घेतली.