आधी चूल पेटू दे, मग पोरीला पळू दे!

सातपुड्यातल्या बाईला कुणी 'रोज थोडा व्यायाम करत जा' असं सांगितलं, तर ती तोंडाला पदर लावून हसेल. डोंगर उतरून पाणी आणायचं, सरपणाची मोळी डोक्यावर घ्यायची, मोहफुलं वेचायची, बाजाराला मोलगीपर्यंत पायी यायचं. अंगमेहनत तिला कुणी शिकवावी लागत नाही. पण तिचीच मुलगी आता वेगळ्या कारणासाठी पळू लागली आहे. कुणाला पोलीस भरती खुणावते आहे, कुणाला आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा. प्रकल्पस्तर, मग विभाग, मग राज्य अशी शिडी तिला दिसते. पळता पळता आपण डोंगराबाहेर जाऊ, हे तिला कळलं आहे.

आमच्या गटाच्या कामानिमित्त अक्कलकुवा, मोलगी भागातल्या मुलींशी बोलणं होतं. 'पळायला जाण्याआधी काय खाल्लं?' या माझ्या प्रश्नाला बहुतेकींचं उत्तर एकच, 'काही नाही.' पहाटे पाचला मैदानावर जायचं, तेव्हा घरात चूल पेटलेली नसते. आल्यावर काय? 'चहा.' आणि रात्री? 'जे उरेल ते.' ही उत्तरं ऐकली की पोटात गलबलतं. कारण चूल फक्त घरात नसते, ती आपल्या अंगातही असते. आणि तिलाही सरपण लागतं.

काडी, काटक्या आणि ओंडका

महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलींच्या मैदानी चाचणीचे ५० गुण असतात. ८०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. गंमत म्हणजे शरीर ताकद कुठून आणतं, ते समजायला या तीन चाचण्या पुरेशा आहेत.

पहिली गोळाफेक. एका झटक्याचं काम. त्यासाठी लागणारी ताकद स्नायूत तयारच असते. शास्त्रज्ञ तिला 'एटीपी' म्हणतात, आणि ती संपली की लगेच भरून देणारा 'क्रिएटिन फॉस्फेट' तिच्या जोडीला असतो. ही आपली काडेपेटीची काडी. फर्रकन पेटते आणि सात-आठ, फार तर दहा सेकंदांत विझते.

दुसरी १०० मीटरची धाव. मुलींना त्याला पंधरा-सोळा सेकंद तरी लागतात. काडी संपते तोवर काटक्यांनी पेट घेतलेला असतो. या काटक्या म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, तिचं नाव ग्लायकोजेन. आपण भाकरी, भात, गूळ खातो, त्यातून हा साठा होतो. मोठ्या माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. जोरात पळताना श्वास पुरत नाही, हवा कमी पडते, तरीही काटक्या जळतात, पण अर्धवट. चुलीत जसा कोळसा उरतो, तसं इथे 'लॅक्टेट' उरतं.

तिसरी ८०० मीटर. तीन-साडेतीन मिनिटांची ही धाव. इथे नुसत्या भडक्यावर भागत नाही. निम्म्याहून जास्त ताकद हवेच्या, म्हणजे प्राणवायूच्या मदतीने काटक्या नीट जाळूनच मिळते. म्हणून सुरुवातीलाच जीव तोडून पळणारी मुलगी शेवटच्या फेरीत थांबते आणि बेताने निघालेली तिला मागे टाकते.

आणि ओंडका? ओंडका म्हणजे अंगातली चरबी. पेट घ्यायला वेळ, पण एकदा पेटला की तासन् तास धुमसतो. ५० किलो वजनाच्या सडपातळ मुलीच्या अंगातही आठ-दहा किलो चरबी असते. एका ग्रॅम चरबीतून ९ कॅलरी मिळतात, एका ग्रॅम साखरेतून ४. म्हणजे सरपणाचा डोंगरच म्हणा ना! डोंगर चढणारी बाई, काठीच्या होळीत ढोलाच्या ठेक्यावर रात्रभर नाचणारी माणसं, यांना हा ओंडका मोठा हात देतो. पण वेग वाढवायचा तर ओंडक्याचं काम नाही, तिथे काटक्याच हव्यात. 'अंगात चरबी आहे ना, मग उपाशी पळू दे' हे म्हणणं त्यामुळेच चुकीचं. ओंडका नीट जळायलाही खाली थोड्या काटक्या लागतातच की!

कोळसा पुन्हा पेटतो

मघाशी कोळशाचं बोलले. खूप वर्षं लोकांना वाटायचं, हे लॅक्टेट म्हणजे निव्वळ राख, त्यामुळेच दुसऱ्या दिवशी पाय दुखतात. तसं नाही. ते पळणं थांबल्यावर तास-दीड तासात रक्तातून कमी होतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं हे सवय नसलेल्या स्नायूंवर पडलेल्या ताणाचं असतं.

हा कोळसा वाया जात नाही, हे दाखवून देणाऱ्यांत एक बाई होती, गर्टी कोरी. १८९६ साली प्राग शहरात जन्मलेली. नवरा कार्ल आणि ती, दोघं मिळून अमेरिकेत संशोधन करायची. स्नायूतलं लॅक्टेट रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याची पुन्हा साखर होते आणि ती परत स्नायूकडे येते, हे चक्र त्यांनी १९२९ मध्ये मांडलं. आजही ते 'कोरी चक्र' म्हणूनच ओळखलं जातं. नवऱ्याला मोठं पद आणि बरोबरीने राबणाऱ्या हिला कितीतरी वर्षं हाताखालचं, कमी पगाराचं. प्राध्यापकपद मिळालं ते १९४७ मध्ये, आणि त्याच वर्षी दोघांना नोबेल. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री. उरलंसुरलं वाया जाऊ न देणं बाईला उपजत कळतं, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण मला तरी तसं वाटतं.

फुंकणीच बुजली असेल तर?

सरपण भरपूर आहे, पण फुंकणीत माती अडकली आहे. काय होईल? नुसता धूर. अंगातली फुंकणी म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन. तेच प्राणवायू स्नायूंपर्यंत नेतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! मुलगी धावताना धापा टाकते, मागे पडते. आपण म्हणतो, 'हिच्यात जिद्दच नाही.' जिद्द असते हो, रक्त नसतं.

नंदुरबारच्या आदिवासी भागात आणखी एक गोष्ट आहे, सिकलसेल. आई-वडिलांकडून येणारा हा रक्तदोष इथे बऱ्याच घरांत आहे. आजार असलेल्या मुलीला दमछाक, पाणी कमी पडणं, थंडी यांनी असह्य दुखणं सुरू होऊ शकतं. जी फक्त वाहक आहे, ती खेळू शकते, मोठी खेळाडूही होऊ शकते. पण तिने सराव हळूहळू वाढवायचा, पाणी पुरेसं प्यायचं आणि उन्हात अंगाला ओढ द्यायची नाही. म्हणून मैदानात उतरण्याआधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या दोन तपासण्या सरकारी दवाखान्यात करून घ्याच. सिकलसेलचा आजार निघाला, तर लोहाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या.

२०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीनंतर काही तरुण उमेदवार दगावले होते. लांब पल्ला, उकाडा, दगदग... कारणांची तेव्हा खूप चर्चा झाली. पण घरून निघताना पोरांच्या पोटात काय होतं, बाटलीत पाणी होतं का, हे प्रश्न तरी घरातल्या बाईला विचारता येतातच ना?

पाळी थांबली, तर आनंद नको

मुली एक गोष्ट कुजबुजत सांगतात. 'ताई, सराव सुरू केल्यापासून पाळीच येत नाही. बरंच झालं, कटकट गेली.' नाही गं पोरी, बरं नाही झालं! खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर काटकसर करू लागतं. आधी पाळी बंद करतं, मग हाडं ठिसूळ होतात आणि एक दिवस नुसत्या पळण्याने पायाच्या हाडाला बारीक तडा जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या अवस्थेला वेगळं नाव दिलं आणि खेळाडूच्या खाण्यातली तूट हेच त्याचं मूळ असल्याचं सांगितलं. तीन महिने पाळी आली नाही, तर मुलीला रागावू नका, तिच्याबद्दल भलता संशयही घेऊ नका. डॉक्टरांकडे न्या आणि तिचं ताट बघा.

डबा नको, ताट हवं

शहरात हल्ली प्रोटीनचे मोठमोठे डबे मिळतात. हजारो रुपयांचे. मोलगीतली मुलगी मला विचारते, 'ताई, तो डबा घेतला तर निवड होईल का?' मी तिला हिशोब मांडून दाखवते. ५० किलो वजनाच्या, नियमित सराव करणाऱ्या मुलीला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. दिवसभरात ज्वारीच्या सहा भाकरी खाल्ल्या, तर ३५ ग्रॅम तिथेच. उडदाच्या घट्ट डाळीची एक मोठी वाटी, १२ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, सात. एक अंडं, सहा. झाले की साठ! डबा कशाला हवा?

आणि भाकरी किती वाढवायची? पळताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. ५० किलोची मुलगी पाच किलोमीटर पळाली, तर अडीचशे कॅलरी. म्हणजे घरातल्या इतरांपेक्षा तिला सव्वा भाकरी जास्त हवी. सव्वा भाकरी! एवढीच तर गोष्ट आहे. पण ती सव्वा भाकरी बहुतेक घरांत भावाच्या ताटात जाते.

सातपुड्यात खायला काय कमी आहे? शहरातल्या बायका एकादशीला हौसेने करतात ती भगर इथल्या डोंगरउतारावर पिकते. पळून आल्यावर भगर आणि शेंगदाण्याची आमटी यासारखं खाणं नाही, काटक्यांचा साठा लगेच भरू लागतो. सुकलेल्या मोहफुलांत निम्म्याहून जास्त साखरच असते. मक्याची भाकरी, अंबाडीची भाजी, तीळ, सीताफळ, आवळा आहेतच. पण भगर आणि आमचूर बाजारात विकून घरी काय येतं, तर बिस्किटांचे पुडे. नगद पैसा हवाच, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण पायलीभर धान्य घरातल्या पळणाऱ्या पोरीसाठी मागे ठेवायला काय हरकत आहे?

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अशाच आदिवासी पाड्यावरची. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत तिने ब्राँझ मिळवलं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. डोंगर आणि दुष्काळ पायांत बळ देतात, हे खरंच. पण नुसत्या डोंगराने पदक मिळत नाही, ताटही भरलेलं लागतं.

पळणाऱ्या मुलीच्या आईसाठी

* रात्रीचं जेवण चुकवू देऊ नका. पहाटेच्या सरावाचं सरपण रात्रीच्याच ताटातून येतं. झोपेत यकृतातला साखरेचा साठा बराच कमी होतो, म्हणून उपाशी पळताना चक्कर येते.
* निघण्याआधी अर्धा-पाऊण तास केळं किंवा गुळाचा खडा आणि भाकरीचा तुकडा, वर पाणी. भरपेट मात्र नको.
* आल्यावर तासाभरात जेवण. नुसत्या चहावर भागवू नका.
* चहा जेवणाला चिकटून नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आवळा किंवा लिंबू जेवणात असेल, तर जास्त लागतं.
* खूप घाम गेला, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यायला द्या. चमचा चहाचा, सपाट भरलेला.
* आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. त्या दिवशी पाण्याच्या खेपाही तिच्या नकोत!

शेवटचा मुद्दा वाचून काही जणी म्हणतील, 'मग पाणी कोण आणणार?' भावाला सांगा. त्यालाही भरतीत पळायचंच असेल. डोंगर चढून हंडा आणला, तर त्याचाही सराव होईल!