कॉम्प्युटर चालू होताना मध्येच अडकतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

जुलैचा शेवटचा आठवडा होता. सकाळी नऊच्या सुमारास सेलूहून मामांचा व्हिडिओ कॉल आला. परभणी जिल्ह्यात हे दिवस पीक विम्याच्या गर्दीचे असतात, आणि मामांचं स्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. त्यामुळे या वेळी त्यांचा फोन येणं म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे मला उचलायच्या आधीच कळलं.

"अगं, कॉम्प्युटर चालूच होईना. काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं यायलीत."

दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत. अंगठ्याचं मशीन जोडलेला एक विंडोजवर चालतो. दुसरा जुना आहे. तो विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, म्हणून मी त्यात छोटी एसएसडी बसवून लिनक्स मिंट टाकून दिलं होतं. स्कॅन आणि प्रिंट त्याच्यावर होतात, आणि त्याच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये गेल्या तीन हंगामांच्या विमा पावत्या, सातबारे, पासबुकांचे स्कॅन आहेत. भरपाई आली नाही की शेतकरी पहिल्यांदा पावती मागायलाच येतो.

मामांनी मला फोन करण्याआधी एका रिपेअरवाल्याला दाखवलं होतं. त्याने पाच मिनिटांत निदान केलं: हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही.

हार्ड डिस्क गेलेली नव्हती. एका फाईलमधली एक ओळ चुकीची होती. ती ओळ मीच लिहिली होती, हे मामांना सांगायला मला थोडा वेळ लागला.

चालू होताना आत नेमकं काय घडतं?

एका डिस्कचे आपण भाग पाडतो, त्यांना पार्टिशन म्हणतात. एका भागात ऑपरेटिंग सिस्टीम, दुसऱ्यात आपला डेटा, असं साधारण असतं. पण भाग पाडून ठेवला म्हणजे तो लगेच वापरता येतो असं नाही. सिस्टीमला तो ओळखावा लागतो, त्यात फाईली कोणत्या पद्धतीने ठेवल्यात हे समजून घ्यावं लागतं आणि एखाद्या फोल्डरशी जोडावा लागतो. या जोडणीलाच माउंट करणं म्हणतात. शब्द जुना आहे. १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही ही कमांड सापडते.

विंडोजमध्ये हे काम पडद्यामागे होतं, आपल्याला थेट सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह दिसतात. लिनक्समध्ये त्यासाठी एक यादी असते. ईटीसी फोल्डरमध्ये एफएसटॅब नावाची साधी टेक्स्ट फाईल. प्रत्येक ओळीत सहा रकाने: कोणतं पार्टिशन, कोणत्या फोल्डरला जोडायचं, त्याचा प्रकार काय, कोणत्या अटींवर, आणि शेवटी दोन आकडे. कॉम्प्युटर चालू होताना सिस्टीम ही यादी वाचून एकेक पार्टिशन जोडत जाते.

यादीतलं एखादं पार्टिशन सापडलंच नाही, तर सिस्टीम थांबून वाट बघते. बहुतेक लिनक्समध्ये ही वाट दीड मिनिटाची असते. पडद्यावर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' असं लिहून सेकंद मोजले जाताना दिसतात, तो हाच प्रकार. तेवढ्यात पार्टिशन आलं नाही, किंवा आलं पण जोडता आलं नाही, तर 'यू आर इन इमर्जन्सी मोड' हा संदेश येतो. मामांच्या पडद्यावर तोच होता.

एका डेटाच्या पार्टिशनसाठी अख्खा कॉम्प्युटर का थांबावा?

हा प्रश्न मामांनीही विचारला, जरा रागातच. सिस्टीम तर एसएसडीवर होती आणि ती ठणठणीत होती.

पण समजा सिस्टीम थांबली नसती. डेटाचं फोल्डर दिसलं असतं, पण रिकामं. स्कॅनरने त्या दिवसाचे सगळे सातबारे त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे प्रत्यक्षात छोट्या एसएसडीवर टाकले असते. नंतर कधीतरी हार्ड डिस्क पुन्हा जोडली गेली असती, तेव्हा आदल्या दिवसाचे स्कॅन तिच्याखाली झाकले गेले असते, आणि 'काल केलेलं काम गेलं' म्हणून धावपळ झाली असती. म्हणून यादीतलं एखादं पार्टिशन जोडता आलं नाही, तर सिस्टीम पुढे न जाता थेट माणसाला बोलावते. बोलावण्याची भाषा मात्र भीतिदायक आहे, हे मान्य.

आणि ती इंग्रजीतच असते. सी-डॅकचं बॉस लिनक्स मराठी डेस्कटॉप देतं, इतर काही लिनक्समध्येही मराठी निवडता येतं. पण सुरुवातीचा काळा पडदा जास्तीत जास्त ५१२ अक्षरचिन्हं दाखवू शकतो आणि जोडाक्षरं जुळवणं त्याला येत नाही. त्यामुळे नेमकी अडचणीच्या वेळी आपली भाषा तिथे पोहोचत नाही. सेलूच्या दुकानात बसलेल्या माणसाला 'हार्ड डिस्क गेली' हे पटतं, त्यात या पडद्याचाही वाटा आहे.

मग चुकलं काय होतं?

मी मामांना विचारलं, "काल काही उघडलं होतं का?"

"नाही गं. रविवारी फक्त ब्लोअर मारला. पंखा लई आवाज करायला होता."

धूळ काढताना त्यांनी दोन्ही डिस्कच्या केबल काढल्या होत्या आणि परत लावताना त्यांची अदलाबदल झाली होती. लिनक्स डिस्कला सापडण्याच्या क्रमाने नावं देतं: पहिली एसडीए, दुसरी एसडीबी. आधी एसएसडी पहिली होती आणि हार्ड डिस्क दुसरी. आता उलटं झालं. माझ्या ओळीत लिहिलं होतं, 'एसडीबी१ हे एनटीएफएस प्रकारचं पार्टिशन डेटा फोल्डरला जोड.' पण एसडीबी१ या नावाने आता एसएसडीचं बूटचं छोटं पार्टिशन समोर आलं होतं, आणि ते एनटीएफएस नव्हतंच.

वावराचा पत्ता सांगावा तसं आहे हे. 'रस्त्याकडून दुसरं वावर' असा पत्ता दिला तर मधे कुणी बांध टाकला की तो चुकतो. गट नंबर दिला तर चुकत नाही. पार्टिशनलाही असा गट नंबर असतो, त्याला यूयूआयडी म्हणतात. केबल कुठेही लावा, तो बदलत नाही. इन्स्टॉल करताना सिस्टीमने स्वतःच्या पार्टिशनसाठी यूयूआयडीच वापरला होता, म्हणूनच कॉम्प्युटर निदान काळ्या पडद्यापर्यंत तरी आला. मी मात्र नेटवरचा एक व्हिडिओ बघून नाव लिहून मोकळी झाले होते.

दुरुस्ती कशी केली?

कमांड इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना इंग्रजी छोट्या लिपीत करायच्या. 'कंट्रोल डी' वगैरे पर्याय पडद्यावर येतात. उबुंटू आणि मिंटमध्ये बहुधा एंटर दाबलं की कमांड टाइप करायला जागा मिळते, काही लिनक्समध्ये रूटचा पासवर्ड लागतो.

पहिली कमांड 'एलएसबीएलके', मग एक जागा सोडून 'डॅश एफ'. यात सगळ्या डिस्क, त्यांची पार्टिशनं, प्रकार आणि यूयूआयडी दिसतात. मामांनी फोनचा कॅमेरा पडद्यावर धरला आणि मला हार्ड डिस्क दिसली. नाव, प्रकार सगळं व्यवस्थित. अशा वेळी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. या यादीत पार्टिशन आणि त्याचा प्रकार दिसत असेल, तर डेटा तिथेच असण्याची शक्यता दांडगी आहे. फॉरमॅटचं नावही काढू नका.

मग एफएसटॅब फाईलची आधी एक कॉपी करून ठेवली आणि मूळ फाईल 'नॅनो' या एडिटरमध्ये उघडली. माझ्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं, म्हणजे सिस्टीम ती ओळ वाचत नाही. कंट्रोल आणि ओ दाबून सेव्ह, एंटर, कंट्रोल आणि एक्स दाबून बाहेर. रीस्टार्ट. नेहमीचा डेस्कटॉप आला. (फाईल सेव्ह होत नसेल तर मूळ पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं जोडलेलं असतं. 'माउंट डॅश ओ रीमाउंट,आरडब्ल्यू' आणि पुढे तिरकी रेघ, एवढं दिलं की लिहिता येतं.)

कॉम्प्युटर चालू झाल्यावर ओळ पुन्हा नीट लिहिली. एसडीबी१ च्या जागी यूयूआयडी. एनटीएफएसचा यूयूआयडी सोळा अक्षरांचा असतो, लिनक्सच्या ईएक्सटी४ चा छत्तीस. हाताने टाइप करू नका, कॉपी करा. आणि अटींच्या रकान्यात एक शब्द वाढवला: 'नोफेल'. याचा अर्थ, हे पार्टिशन नाही सापडलं तर अडून बसू नकोस, पुढे जा. डेटाच्या डिस्कसाठी, बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी हा शब्द हवाच असं माझं मत आहे. मघाशी सांगितलेला रिकाम्या फोल्डरचा धोका त्यात राहतो, पण कॉम्प्युटर चालू असला की तो निदान लक्षात तरी येतो. शेवटी 'फाइंडएमएनटी डॅश डॅश व्हेरिफाय' या कमांडने यादी तपासली आणि 'माउंट डॅश ए' देऊन रीस्टार्ट न करताच सगळं जोडून बघितलं. ही शेवटची पायरी मी पहिल्या वेळी केली असती तरी केबलच्या अदलाबदलीपासून सुटका नव्हती, पण टायपिंगच्या चुका इथेच पकडल्या जातात.

दरवेळी कारण हेच असतं का?

नाही. पार्टिशन नव्याने फॉरमॅट केलं की त्याचा यूयूआयडी बदलतो आणि यादीत जुनाच राहतो. तिथे दीड मिनिटाची वाट ठरलेली. उपाय वरचाच.

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बघा. त्यात शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि आपल्या पार्टिशनवर तशी खूण ठेवतं. लिनक्स मग ते पार्टिशन जोडायला नकार देतं किंवा फक्त वाचू देतं. बरोबरच करतं. विंडोजमध्ये जाऊन कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा आणि नीट शटडाउन करा.

तिसरं कारण आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचं, लाईट जाणं. फाईल लिहिली जात असताना वीज गेली की फाईलसिस्टीमचा हिशेब अर्धवट राहतो. आजच्या बहुतेक फाईलसिस्टीम आधी नोंद करून मग लिहितात, त्यामुळे पुढच्या वेळी त्या स्वतःच सावरतात. नाहीच सावरल्या तर 'रन एफएससीके मॅन्युअली' असा संदेश येतो. विंडोजमध्ये त्याच जागी 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह' दिसतं. ते चालू असताना कंटाळून बटण दाबून बंद करू नका, मोठ्या डिस्कला तासही लागू शकतात. एफएससीके चालवताना ते पार्टिशन जोडलेलं नसावं. सिस्टीमचंच पार्टिशन असेल तर इन्स्टॉलच्या पेनड्राइव्हवरून चालू करून ते करावं लागतं. आणि एनटीएफएसची दुरुस्ती विंडोजच्या 'चेकडिस्क'नेच करावी, शेजारचा विंडोजवाला कॉम्प्युटर त्यासाठी कामाला येतो.

पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा पडद्यावर पुन्हा पुन्हा 'आय/ओ एरर' येत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. डिस्क खरोखर शेवटच्या घटका मोजत असू शकते, आणि दुरुस्तीच्या कमांड तिच्यावर आणखी ताण देतात. आधी जे वाचता येईल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवा. पावत्या, फोटो, हिशेब यांची दुसरी प्रत कुठेच नसेल तर बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

केवळ विंडोज वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. चालू होताना निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागितली, तर पार्टिशन बिघडलेलं नाही, बिटलॉकरने कुलूपबंद आहे. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. ती नसताना फॉरमॅट केलं तर आतलं काही परत येत नाही.

मामांच्या दुकानात साडेदहाला पहिली पावती निघाली. रिपेअरवाल्याला त्यांनी नंतर फोन करून सांगितलं म्हणे, तो म्हणाला, "मग बरं झालं." आता दोन्ही केबलना चिकटपट्टी लावलेली आहे, एकीवर 'छोटी', दुसरीवर 'मोठी'. यूयूआयडी टाकल्यावर त्याची गरज नाही हे मी दोनदा सांगितलं. चिकटपट्टी अजून तशीच आहे. पावत्यांची कॉपी मात्र आता दर शनिवारी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाते, आणि ती डिस्क मामा दुकानात न ठेवता घरी नेतात.