बेब रुथच्या आधी कोण? १९२७च्या यँकीजचा एक नंबर

हा भाग ज्यांना ऐकायला जमत नाही, लोकलमध्ये रेंज जाते वगैरे, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातले 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच वाजलेली दाराची बेल तेवढी काढून टाकली आहे.

मागच्या वेळी बेसबॉलचे साधे नियम सांगितले होते. त्यावर एक प्रश्न आला, आणि तो मला फार आवडला. प्रश्न असा की टीममध्ये बेब रुथ असेल तर त्याला सगळ्यात पहिला का नाही पाठवायचा? आपल्याकडे सेहवाग ओपनिंगला यायचाच की!

प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर द्यायचं तर आधी क्रिकेटचा ओपनर डोक्यातून काढावा लागेल. तिथे नवा बॉल खेळून काढायचा असतो. बेसबॉलमध्ये बॉल सारखे बदलतात, त्यामुळे 'नवा बॉल' ही भानगडच नाही. दुसरं म्हणजे आउट झालेला बॅटर पॅड सोडून बसत नाही. नऊ जणांची रांग गोल फिरत राहते, आणि एक इनिंग जिथे संपली तिथूनच पुढची सुरू होते. म्हणजे 'लीडऑफ', अर्थात पहिला बॅटर, नक्की पहिला येतो तो मॅचमध्ये फक्त एकदा. नंतरच्या वेळी त्याच्या आधी कोण येऊन गेलेलं असतं? आठवा आणि नववा. १९२७ साली नववा म्हणजे पिचर, आणि पिचरची बॅटिंग म्हणजे आपल्या अकरा नंबरवाल्यासारखी, देवाच्या भरवशावर.

आता लक्षात येतंय ना? रुथला पहिला पाठवला तर पहिल्या वेळी बेस रिकामे. नंतरही बहुतेक वेळा रिकामेच, कारण पुढचे दोघं कच्चे. रिकाम्या बेसवर होमरन मारला तर एक रन मिळतो. दोघं बेसवर उभे असताना मारला तर तीन.

तर १९२७ची न्यूयॉर्क यँकीज. ११० मॅच जिंकल्या, ४४ हरल्या. मधल्या फळीला 'मर्डरर्स रो' म्हणायचे. तिसरा बेब रुथ, ६० होमरन. चौथा लू गेरिग, ४७ होमरन. पाचवा बॉब म्यूझल, सहावा टोनी लझेरी. ही नावं कुठल्याही बेसबॉलवेड्याला पाठ असतात. पण पहिल्या नंबरचं विचारा, तो जरा थांबेल.

तो होता अर्ल कोम्ब्स. केंटकी राज्यातला, आधी शाळामास्तर. त्या वर्षी त्याची सरासरी .३५६, म्हणजे हजारात ३५६ वेळा फटका मारून बेसवर. एकूण २३१ हिट, शिवाय ६२ वॉक. म्हणजे एका सीझनमध्ये हा माणूस २९०हून जास्त वेळा बेसवर पोचला. त्याने रन काढले १३७, पण स्वतःचे होमरन फक्त ६. हा फरक नीट बघा. उरलेले १३१ रन तो बेसवर पोचल्यावर पुढे झालेल्या खेळातून आले. त्याचं काम पोचायचं होतं, आणि ते तो इमानदारीने करत होता.

मला यातली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट वेगळीच वाटते. कोम्ब्स पळायला वेगवान होता. मायनर लीगमध्ये बेस चोरायचा, आणि तिथलं त्याचं टोपणनाव होतं 'मेलमन', पोस्टमन. यँकीजमध्ये आल्यावर मॅनेजर मिलर हगिन्सने त्याला सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. मतलब असा, की इथे तुला आम्ही 'वेटर' म्हणणार. पहिल्या बेसवर जा आणि थांब, रुथ किंवा गेरिग तुला घरी आणतील.

ऐकायला विनोदी वाटतं, पण विचार करा. ज्या गुणावर तुमचं नाव झालं, तोच इथे वापरू नका असं बॉस सांगतोय. तरी हिशोब हगिन्सच्या बाजूने होता. चोरी फसली तर एक आउट वाया जातो, आणि तोही रुथ बॅटिंगला येणार असताना. साधारण चारातल्या तीन चोऱ्या यशस्वी झाल्या तरच हा धंदा परवडतो. आणि चोरी जमली तर? पहिला बेस रिकामा होतो. मग समोरचा पिचर मुद्दाम चार बॉल बाहेर टाकून रुथला वॉक देतो, आणि मारणाऱ्याची बॅट खांद्यावरच राहते.

हे नुसतं पुस्तकी नाही, त्याच वर्षी दिसलं. ८ ऑक्टोबर १९२७, वर्ल्ड सिरीजची चौथी मॅच. समोर पिट्सबर्ग पायरेट्स, मालिका ३-० अशी यँकीजकडे. नवव्या इनिंगमध्ये स्कोअर ३-३. योगायोगाने पहिला बॅटर कोम्ब्सच. त्याने वॉक घेतला. मग मार्क कोनिगने बंट केला आणि तोही पोचला. पुढे पिचर जॉनी मिलजसचा एक बॉल सुटला, वाइल्ड पिच! दोघं एकेक बेस पुढे सरकले आणि पहिला बेस रिकामा झाला. पिट्सबर्गने काय केलं? रुथला मुद्दाम वॉक.

तीनही बेस भरलेले, एकही आउट नाही, आणि येतोय गेरिग. संपलंच समजा. पण मिलजसने गेरिगला उडवला. मग म्यूझललाही. स्टेडियम गप्प झालं असेल. लझेरीने एक जोरदार फटका मारला, तो फाउल गेला. आणि त्यानंतर मिलजसच्या हातून बॉल परत सुटला. तिसऱ्या बेसवर थांबलेला 'वेटर' पळत घरी आला. ४-३. मालिका ४-०.

सगळ्या मर्डरर्स रोच्या नाकासमोर मालिकेचा शेवटचा रन काढला तो एक नंबरने, आणि कुणीही फटका न मारता. मला हे भारी वाटतं, बुवा.

आता दुसरी बाजू, कारण हगिन्सचं सगळंच मला पटत नाही. १५४ मॅचचा सीझन भागिले ९ केलं तर साधारण १७. रांगेत एक जागा खाली गेलात की सीझनभरात तेवढ्या संधी कमी. म्हणजे तिसऱ्या नंबरवर असल्यामुळे रुथच्या ३४च्या आसपास संधी गेल्या. त्याच्या त्या वर्षीच्या वेगाने हे तीनेक होमरन होतात. आणि दुसऱ्या नंबरवर कोण? .२८५ वाला कोनिग. वर्ल्ड सिरीजमध्ये तो .५०० खेळला हे खरं, पण सीझनभर त्या जागेवर मी त्याला ठेवला नसता.

आजच्या टीम हाच हिशोब करतात. पिचरला आता सहसा बॅटिंग करावी लागत नाही, त्यामुळे नववा बॅटर पूर्वीइतका कच्चा नसतो आणि पहिल्याच्या आधीही बेसवर कुणीतरी मिळतं. २०२४ला डॉजर्सच्या मूकी बेट्सचा हात मोडला, म्हणून शोहेई ओहतानीला लीडऑफला आणलं. त्याने सीझन संपवला ५४ होमरन आणि ५९ चोऱ्यांवर. यँकीजच्या आरन जजने २०२२ला ६२वा होमरन मारून अमेरिकन लीगचा विक्रम मोडला, तोही मॅचच्या पहिल्या इनिंगमध्ये लीडऑफ बॅटर म्हणून. म्हणजे श्रोत्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, जरा पुढच्या काळातला होता.

कोम्ब्सचं पुढे काय झालं? १९३४मध्ये सेंट लुइसला एक बॉल पकडायला धावताना तो भिंतीवर आदळला आणि कवटी फुटली. वाचला, पण करिअर जवळपास तिथेच संपलं. १९७०मध्ये हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं.

आणि एक राहिलंच. १९२९ला यँकीजने जर्सीवर नंबर घातले, ते बॅटिंग ऑर्डरप्रमाणे. म्हणून रुथ ३ आणि गेरिग ४. हे दोन्ही नंबर पुढे क्लबने कायमचे बंद केले. कोम्ब्सचा १ नंबरही बंद आहे. पण तो त्याच्या नावाने नाही, नंतरच्या काळातल्या बिली मार्टिनच्या नावाने.